ऑटोक्रॉस, हौशी : बेळगाव सीमाभाग

ऑटोक्रॉस : आखून दिलेल्या छोट्या, वळणावळणांच्या मार्गावरून एका वेळी एकच मोटारगाडी सोडून, फेरीला लागलेल्या वेळेवर क्रम लावण्याचा मोटारक्रीडेचा प्रकार. मार्ग रबरी किंवा प्लॅस्टिकच्या कोनांनी आखतात. तो डांबरी पटांगणावर असतो किंवा मातीच्या माळावर. भारतात मातीवरचा प्रकार अधिक रुळला आहे. घरच्या वापरातल्या गाडीनेही भाग घेता येत असल्याने मोटारक्रीडेत शिरण्याची ही सर्वांत कमी खर्चाची वाट समजली जाते. वेग रॅलीच्या मानाने कमी असतो, त्यामुळे धोकाही कमी, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. या खेळातले बहुतेक धोके वेगापेक्षा जमीन, गाडीची उंची आणि प्रेक्षक यांच्याशी निगडित आहेत.

उगम : याबाबत एकवाक्यता नाही. ब्रिटिश लेखक हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार क्लबांनी शेतकऱ्यांच्या कुरणांवर सुरू केला असे मानतात. तेथे १९५० च्या मे महिन्यापर्यंत पेट्रोलवर रेशन होते आणि लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील स्पर्धा अवघड झाल्या होत्या, हे त्यांचे एक कारण. १९६७ साली इंग्लंडमधील लिडन हिल येथे जन्मलेला रॅलीक्रॉस (बंद मार्गावर अनेक गाड्या एकत्र सोडून होणारी शर्यत) हा प्रकार ऑटोक्रॉसनंतरचा व अंशतः त्यावरूनच बेतलेला, यावर मात्र फारसा वाद नाही. अमेरिकन परंपरेत ऑटोक्रॉस म्हणजे गाड्यांच्या वाहनतळावर कोन मांडून घेतलेली डांबरी स्पर्धा. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाने तिला ‘सोलो’ या नावाने नियमबद्ध केले आणि १९७३ पासून राष्ट्रीय पातळीवर भरवले. युरोप खंडात याच नावाखाली अनेक गाड्या एकत्र सोडून मातीच्या बंद ट्रॅकवर शर्यत लावतात; ती वास्तविक वेगळीच स्पर्धा आहे आणि प्रस्तुत नोंदीत अभिप्रेत नाही.

काही अभ्यासक हा उगम आणखी मागे, मोटार जिमखान्यापर्यंत नेतात. घोडेस्वारीच्या मैदानी खेळांवरून बेतलेले मोटारींचे कसरतीचे खेळ लंडनच्या रानेला क्लबात १९०० च्या सुमारास झाले होते. ब्रिटिश लष्करी छावण्यांतील जिमखाना संस्कृती पाहता हे मत आकर्षक वाटते, पण त्या खेळांत वेळेपेक्षा कौशल्याला गुण असत. म्हणून ब्रिटिश कुरणांचे मत अधिक ग्राह्य दिसते. भारतातला मातीवरचा, घड्याळाविरुद्धचा प्रकार त्याच्याशीच जुळतो. भारतात मोटारक्रीडेचे नियमन १९७१ साली स्थापन झालेला फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया (एफएमएससीआय) हा महासंघ करतो. त्याच्या मान्यतेच्या स्पर्धेत उतरण्यासाठी त्याचा स्पर्धा परवाना लागतो.

जमीन : बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना माती झपाट्याने बदलते, आणि तिच्याबरोबर धोकेही. खानापूर व बेळगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात जांभ्यापासून झालेली तांबडी माती आहे. निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी पट्ट्यात मुरमाड माळ आणि काळे रान दोन्ही आढळते. अथणीकडे काळी, चिकण माती प्रमुख आहे. आयोजकांची पसंती मुरमाच्या पडीक माळाला असते व ती योग्यही आहे, कारण मुरूम दाबला की घट्ट बसतो आणि पाण्याचा निचरा करतो.

तांबड्या मातीचा वरचा थर कोरडा असताना छऱ्यांवरून चालल्यासारखा निसटतो. दहा-बारा गाड्या गेल्या की तो थर वळणाच्या बाहेरच्या अंगाला साठतो व आत कडक जमीन उघडी पडते. त्यामुळे पहिल्या गाड्यांना वेळ जास्त लागतो. मधल्या गाड्यांना फायदा होतो. दुपारनंतर चाकोऱ्या खोल होतात आणि मग परिस्थिती उलटते. आडवी घसरत जाणारी गाडी चाकोरीच्या कडेला अडकली की उलटण्याची शक्यता सर्वाधिक. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत चाक बसल्यास रिम वाकते, कधी चाक धरणारा खालचा दांडा (आर्म). अवकाळी पावसाची एक सर आली तरी ही माती चाकाला चिकटून टायरची नक्षी बुजवते. त्या दिवशी स्पर्धा रद्द करणे हाच मार्ग.

धूळ बसवण्यासाठी टँकरने पाणी मारतात. ४०० मी. लांब व ८ मी. रुंद मार्गावर ५,००० लिटरचा पूर्ण टँकर रिकामा केला तरी जेमतेम दीड मिमी. पाणी पडते. एप्रिल-मेच्या उन्हात ते टिकत नाही. पाणी आदल्या संध्याकाळी दोन टप्प्यांत द्यावे आणि सकाळी हलके शिंपडावे. गाड्या सुटायच्या अर्धा तास आधी एकदम ओतले तर वर चिखल आणि खाली कोरडी माती, असा सर्वांत फसवा थर तयार होतो.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. घाटमाथ्यावर कणकुंबीकडे पावसाचा जोर फार असल्याने तिकडचे माळ ऑक्टोबरअखेरही ओले राहतात.

गाडी : सीमाभागात मारुतीच्या जुन्या गाड्या, म्हणजे ८००, झेन, एस्टीम, स्विफ्ट व जिप्सी, यांचा वापर जास्त दिसतो. सुटे भाग मिळतात आणि गावातल्या मिस्त्रीलाही त्या पाठ असतात. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील लेथ व मशिनशॉपमुळे सम्प गार्डसारखे (इंजिनाच्या तळाचे रक्षण करणारा पत्रा) भाग बनवून घेणे सोपे जाते. नवशिक्याने इंजिनावर पैसा घालू नये. क्रम असा असावा : टायर, ब्रेक, हेल्मेट, आणि उरल्यास सीट.

जिप्सी लोकप्रिय असली तरी तिची उंची सु. १.८५ मी. आणि दोन चाकांतील आडवे अंतर सु. १.३ मी. आहे. चाकांतील अंतर उंचीच्या तुलनेत जितके कमी, तितकी गाडी कलंडायला सोपी. हॅचबॅक मोकळ्या मातीवर आधी घसरते आणि तेवढ्यावर निभावते. जिप्सी, ओम्नी किंवा जुनी वॅगन आर चाकोरीत अडकली की पलटी होते. रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा) नसलेल्या उंच गाड्या मातीच्या ऑटोक्रॉसमध्ये घेऊ नयेत.

चाकातील हवा डांबरी पटांगणावर नेहमीपेक्षा ४ ते ६ पौंडांनी जास्त ठेवतात. टायरचा खांदा जमिनीवर लोळू नये हा हेतू. खांद्यावर खडूची रेघ ओढून फेरीनंतर ती कुठवर पुसली ते पाहावे. त्रिकोणी खुणेच्या पलीकडे पुसली असेल तर हवा कमी आहे. मातीवर उलट करण्याचा मोह होतो. हवा २४ पौंडांच्या खाली नेल्यास आडव्या घसरणीत टायर रिमवरून सुटतो, उघडे रिम माती खोदते आणि गाडी तिथेच उलटू शकते.

ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते. नवे डॉट ४ दर्जाचे ऑइल २३० अंश से. च्या खाली उकळत नाही. ओल धरलेल्या ऑइलला ही मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ चे आकडे अनुक्रमे २०५ व १४०. ऑइल उकळले की पायडल थेट फ्लोअरला टेकते. एका पावसाळ्यातून गेलेले ऑइल बदलूनच मैदानात यावे. हातब्रेकला ४ ते ७ खटके असावेत. चाकांचे नट आडव्या-उभ्या क्रमाने, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या जोराने आवळावेत व पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासावेत. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत हवे. लांब वळणात ते एका बाजूला जाते आणि पातळी कमी असेल तर पंपाला हवा लागते. वळणात ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकला तर फेरी सोडावी.

तपासणीत, ज्याला स्पर्धक स्क्रूटिनी म्हणतात, सर्वाधिक गाड्या क्षुल्लक कारणांवर अडकतात. बॅटरीची क्लिप सैल, ॲक्सिलरेटरची केबल परत येताना अडखळणारी, गाडी ओढण्यासाठीचा टो हुक नाही. डिकीतली स्टेपनी, जॅक, पाने, आरशाला लटकवलेला हार, मागच्या सीटवरची छत्री हे सर्व काढावे. चालकाच्या पायाखालची सैल मॅट तर काढलीच पाहिजे : ती सरकून ॲक्सिलरेटरवर चढते. दारातली पाण्याची बाटली पहिल्याच जोरदार ब्रेकला पुढे येते आणि ब्रेकच्या पायडलखाली बसते. सीएनजी किंवा एलपीजी किट असलेली गाडी बहुतेक आयोजक घेत नाहीत.

हेल्मेटवर कंजुषी करू नये. दुचाकीच्या आयएस ४१५१ या भारतीय मानकाच्या हेल्मेटला क्लब स्तरावरच्या काही हौशी फेऱ्यांत परवानगी देतात. मोटारीसाठीच्या स्नेल एसए या अमेरिकन मानकाच्या प्रकारात आतले अस्तर आगीला टिकणारे असते. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी बाद समजावे.

फेरी : नवशिक्याने पहिली स्पर्धा मार्शल (मार्गाकडेला उभे राहून लक्ष ठेवणारा व झेंडा दाखवणारा) म्हणून पाहावी, दुसरीत गाडी घ्यावी. कोन कुठे उडतात, गाड्या कुठून बाहेर जातात, हे मार्शलला चालकापेक्षा आधी कळते. मार्ग किमान दोनदा पायी चालावा. एकदा चालकाच्या नजरेच्या उंचीला वाकून, कारण उभ्याने सरळ दिसणारी कोनांची रांग गाडीतून भिंतीसारखी दिसते. सीट अशी घ्यावी की खांदा टेकलेला असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकेल आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहील.

नजर समोरच्या कोनावर नव्हे, त्याच्या पुढच्या दोन कोनांवर. ब्रेक सरळ रेषेत, वळण सुरू होण्यापूर्वी. १५ मी. त्रिज्येच्या वळणात कोरड्या डांबरावर साधा टायर ताशी सु. ४० किमी. वेग पेलतो, त्याच वळणात मोकळ्या मातीवर ही मर्यादा सु. ३० वर येते. पुढची चाके घसरू लागली की नवखा चालक स्टिअरिंग आणखी वळवतो, त्याने काही होत नाही. पाय हलका करून स्टिअरिंग थोडे सोडले की चाके पुन्हा पकड घेतात. मात्र पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत भर वळणात पाय एकदम काढला तर वजन पुढे येते आणि मागचा भाग फिरतो. स्विफ्टसारख्या हलक्या गाडीत हे फार पटकन घडते.

कोनाभोवती फक्कीने चौकोन आखतात. कोन चौकोनाबाहेर गेला किंवा पडला की दंड. अमेरिकन नियमांत तो प्रत्येकी २ सेकंद आहे, भारतात स्पर्धेच्या पुरवणी नियमांत दिलेला असतो. एखादा टप्पा चुकवल्यास फेरी बाद. स्टॉपवॉचवर हाताची चूक सेकंदाच्या दशांशांत असते. क्रम तेवढ्याच फरकाने ठरत असल्याने प्रकाशकिरणावर चालणारे यंत्र नसलेल्या स्पर्धेतल्या वेळांवर भांडण्यात अर्थ नाही. फेरी संपल्यावर तापलेल्या ब्रेकवर हातब्रेक ओढू नये. पहिल्या गिअरमध्ये लावून चाकामागे दगड द्यावा.

प्रेक्षक : चालकापेक्षा प्रेक्षकाला धोका अधिक, हे या भागात विशेष लागू आहे. बैलगाडी शर्यतीला लोक पट्ट्याच्या दोन्ही कडांना दाटीने उभे राहतात आणि गाडी जवळ येताच मागे सरतात. ती सवय इथे घातक ठरते. बैल समोर पळतात; मोटार आडवी घसरत येते आणि मागे सरायला वेळ देत नाही. वळणाच्या बाहेरच्या अंगाला व सरळ पट्ट्याच्या टोकाला कोणीही नको, छायाचित्रकारही नको. फक्कीची रेघ किंवा सुतळी हा अडथळा नव्हे. अमेरिकन पद्धतीत मार्गाच्या कडेपासून खांब, झाड अशा कठीण वस्तूंचे अंतर किमान सु. ७.६ मी. ठेवतात, मातीवर आणि माणसांच्या बाबतीत त्याच्या कित्येक पट जागा लागते. उंच बांधावर किंवा ट्रॉलीवर प्रेक्षक बसवणे हा सीमाभागात जमणारा उपाय आहे, अट एवढीच की बांध वळणाच्या आतल्या बाजूला असावा. धुळीमुळे पुढची गाडी दिसेनाशी झाली तर मार्शलचा झेंडा दिसेपर्यंत दुसरी सोडू नये. रुग्णवाहिका मैदानात उभी हवी. १०८ ला फोन करून ती येण्याची वाट पाहणे ही व्यवस्था होत नाही. मैदानातली रुग्णवाहिका रुग्ण घेऊन गेली की दुसरी येईपर्यंत स्पर्धा थांबवतात.

परवानगी व विमा : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीविना सार्वजनिक जागी गाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे वा तीत भाग घेणे गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. कायद्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक जागा’ म्हणजे जेथे लोकांना जाण्याचा हक्क आहे अशी जागा. यावरून खाजगी माळ मोकळा, असा युक्तिवाद केला जातो. पण शेकडो प्रेक्षकांना आत घेतल्यावर तो कितपत टिकेल हे सांगता येत नाही. संमती घेणे शहाणपणाचे. महाराष्ट्रातल्या चंदगड, गडहिंग्लजकडचे स्पर्धक एमएच-०९ ची गाडी घेऊन येतात, केए-२२ व केए-२३ च्या गाड्या शेजारी उभ्या असतात. परवानगी मात्र माळ ज्या राज्यात त्या राज्याची, म्हणजे बेळगावात कर्नाटकाची. चोर्ला किंवा आंबोली घाटात रात्री ‘सराव’ करण्याला ऑटोक्रॉस म्हणत नाहीत.

गाडीच्या नेहमीच्या विम्यात संघटित शर्यत व वेगचाचणी वगळलेली असते. मैदानात झालेले नुकसान स्वतःच्या खिशातून भरावे लागते, आणि मान्यताप्राप्त स्पर्धेत आयोजकाने काढलेला विमा कोणाला लागू आहे, चालकाला, मार्शलला की प्रेक्षकाला, हे प्रवेशअर्जावर सही करण्यापूर्वी वाचावे. अर्जासोबतच्या हमीपत्रात बहुधा जोखीम स्वतःची असल्याचे कबूल करून घेतात.

सराव : बेळगावहून सु. ११० किमी. वर कोल्हापूर येथे मोहितेज रेसिंग अकॅडमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. तो डांबरी असल्याने तेथे नजर, ब्रेकची जागा आणि वळणाची रेषा यांचा सराव होतो. मातीवरच्या घसरणीचा सराव रिकाम्या माळावर, मालकाच्या परवानगीने, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरऐवजी पहिल्या गिअरमध्ये आणि सोबत एक माणूस बाहेर उभा ठेवून करतात.