"पाय घसरून पडले" म्हणणाऱ्या बाईला पुढे काय विचारायचं?

हल्ली काउन्सेलिंगच्या कुठल्याही ट्रेनिंगला गेलं की पहिल्या तासातच ट्रॉमा-इन्फॉर्म्ड (म्हणजे समोरच्याला बसलेला मानसिक धक्का लक्षात घेऊन वागणं) हा शब्द येतो आणि वाटतं हे सगळं बाहेरूनच आलंय. शब्द बाहेरचाच आहे म्हणा. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे हाल बघून १९८० साली अमेरिकेत पीटीएसडी (मोठ्या धक्क्यानंतर मनावर राहणारा त्रास) हे निदान अधिकृत झालं, मग १९९२ मध्ये ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी मांडलं की घरात मार खाणाऱ्या बाईच्या जखमा पण त्याच जातीच्या असतात.

पण मुंबईत अशा बायकांसाठीचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. हुंडाबळींवरून मोर्चे निघाले, १९८३ ला सासरच्या छळाला गुन्हा ठरवणारं कलम ४९८अ आलं, तरी पोलीस ठाण्यात उत्तर तेच, घरचं मॅटर आहे, मिटवून घ्या. १९८४ ला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने मुंबई पोलिसांसोबत स्पेशल सेल काढला, म्हणजे सोशल वर्कर थेट पोलिसांच्याच आवारात बसायला लागली. याची गरज का होती ते तक्रार ऐकताना कळतं, बाई तारखा मागेपुढे सांगते, मधेच गप्प होते, नको तिथे हसते, आणि लिहून घेणाऱ्याला वाटतं खोटं बोलतेय, खरं तर धक्का बसलेलं माणूस बऱ्याचदा असंच बोलतं. (आपला समुपदेशन हा शब्दच बघा, त्यात उपदेश बसलेलाय, त्यामुळे बऱ्याच जणांना ते म्हणजे समेट घडवणंच वाटतं.)

दुसरी जागा हॉस्पिटल. कारण ठाण्यात न जाणारी बाई कॅज्युअल्टीत येतेच, केस पेपरवर "बाथरूममध्ये पडली" नाहीतर "चुकून औषध प्यायली", आणि नवरा शेजारी उभा. २००० च्या सुमारास आरोग्यावर काम करणारी सेहत संस्था आणि महापालिकेने वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलमध्ये दिलासा हे अशा बायकांसाठीचं मदत केंद्र सुरू केलं ते यासाठीच. नर्सनी टाके बघायचेच, पण नवऱ्याला काहीतरी आणायला पाठवून एकटीला हळूच विचारायचं, घरी कोणी मारतं का, आणि ती नाही म्हणाली तर खोदून विचारायचं नाही, पुन्हा ये म्हणायचं.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यात मानसिक, शाब्दिक, आर्थिक छळ पण हिंसाच धरली आणि राहत्या घरात राहायचा हक्क दिला. हे शेवटचं मला सगळ्यात मोठं वाटतं, कारण रात्री झोपायचं कुठे हेच ठरलेलं नसेल तर कसलं काउन्सेलिंग. आता मुंबईतल्या आणखी पालिका हॉस्पिटलांत दिलासा आहे, पण नवऱ्याला बाहेर पाठवायचं काम अजून ड्युटीवरच्या नर्सच्याच चलाखीवर चालतं.