'अंगणवाडीत घाल की' म्हणण्याआधी

घरकामाला येणाऱ्या ताई सांगतात, धाकटा दीड वर्षाचा आहे, त्याला कुणाकडे ठेवायचं तेच कळत नाही. यावर ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या टॉवरपासून नवी मुंबईतल्या ऐरोलीच्या सेक्टरांपर्यंत उत्तर ठरलेलं: "अंगणवाडीत घाल की. सरकारी असते, पैसेही पडत नाहीत." सांगणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण दीड वर्षाच्या पोराला तिथे दिवसभर ठेवून घेत नाहीत. त्याच्या नावाने घरी न्यायचा शिधा मिळतो, त्याचं वजन होतं, लसीची तारीख कळते आणि पोर आईच्या कडेवरच परत जातं. तिचा प्रश्न होता सकाळी आठ ते दुपारी तीनचा. तो तसाच राहतो.

अंगणवाडी आणि पाळणाघर यांची गल्लत होते, कारण दोन्हीकडे लहान मुलं, दोन्हीकडे एक बाई आणि भिंतीवर तीच फळाफुलांची चित्रं. पण अंगणवाडी आहे मुलाच्या वाढीसाठी, तर पाळणाघर आईबापाच्या कामाच्या वेळेसाठी.

अंगणवाडीचं मूळ आपल्याच भागात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरमध्ये येतो) आधी बोर्डीला आणि मग कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हा ताराबाईंचा विचार. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्यात सहा गोष्टी एकत्र बांधल्या: पूरक आहार, शाळापूर्व शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडली तर पुढच्या दवाखान्यात पाठवणं आणि मातांना पोषण-आरोग्याची माहिती. मूल सांभाळून ठेवणं या यादीत नव्हतं.

मुलाच्या वयाप्रमाणे तिथे मिळणारी सेवा बदलते. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना, तसंच गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा शिधा मिळतो. तीन ते सहा वर्षांची मुलं मात्र रोज येऊन बसतात. गाणी, गोष्टी होतात, गरम खिचडी किंवा उसळ मिळते. या वयाच्या मुलाला वर्षातले 300 दिवस पूरक आहार, असा निकष आहे. सकाळी उघडलेली अंगणवाडी दुपारी बंद होते.

वजनाच्या दिवशी कधी अंगणवाडीत डोकावून बघा. दोन वर्षांखालच्या मुलाची उंची निजवून मोजतात, म्हणून एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करायचे, आणि पोर ठणाणा करत असतं. मग दंडाभोवती रंगीत पट्टी. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल, 12.5 पर्यंत पिवळी, त्याच्या वर हिरवी. वजन-उंचीचे आकडे अंगणवाडी सेविका मोबाइलमधल्या पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपमध्ये भरते. लाल पट्टीचं मूल अंगाने नुसतं 'बारीक' नसतं, ते जिवाच्या धोक्यात असतं. हे चांगल्या शिकलेल्या घरांतही अनेकांना माहीत नसतं, मदतनिसाला माहीत असतं. आणि एवढं सगळं करणाऱ्या सेविकेला पगार नाही, 'मानधन' मिळतं. सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. 'तिनेच पोरं दिवसभर सांभाळावीत' असं सहज म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

अंगणवाडी फक्त गरिबांची, हा आणखी एक गैरसमज. पिवळं रेशनकार्ड असो वा नसो, नाव नोंदवता येतं. सोसायटीतल्या बाळाचंही वजन तिथे करून घेता येतं. गाव किंवा वस्ती बदलली तर ट्रॅकरमधलं नाव दुसऱ्या अंगणवाडीत हलवता येतं. शीळफाट्याच्या बांधकामांवर आज इथे तर उद्या तिथे असणाऱ्या कुटुंबांना हे आवर्जून सांगायला हवं.

आता पाळणाघर. आपल्याकडे बहुतेक वेळा ते म्हणजे तळमजल्यावरच्या काकूंचा टू बीएचके: दारात चपलांच्या चिमुकल्या जोड्या, प्रत्येक डब्यावर चिकटपट्टीने नाव, पिशवीत कपड्यांचे दोन जादा जोड, तापाच्या औषधाची चिठ्ठी. ठाणे-नवी मुंबईची ट्रान्स हार्बर लोकल रखडली की साडेसातनंतर काकूंना फोन, "आलेच हं, घणसोलीला आहे." मुलाला झोपवणं, भरवणं, रडं थांबवणं हे इथे होतं. वजन कुणी करत नाही, वाढीचा तक्ता कुणी ठेवत नाही, लस चुकली तर विचारत नाही. पाळणाघरावर कुणाचं लक्ष असावं याची सोयही बेताचीच. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका खासगी पाळणाघरात तान्ह्या मुलीला मारहाण झाल्याचं सीसीटीव्हीत दिसलं, तेव्हा चार दिवस ओरड झाली. नियमापेक्षा पालकांची ओळखदेखच अजून जास्त चालते. म्हणून विचारायचं ते सरळ विचारावं: एका बाईकडे मुलं किती? केंद्राने 2018 मध्ये कामाच्या ठिकाणच्या पाळणाघरांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित बाई आणि मदतनीस, असं प्रमाण आहे. माझ्या मते दहाही जास्तच, पण निदान मोजायला आकडा तरी मिळाला.

मालकाची जबाबदारीही कायद्यात आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात तीसहून जास्त महिला कामगार असतील तर पाळणाघर सक्तीचं होतं. यातली मेख अशी, की बाया कमी घेतल्या की पाळणाघराचा खर्च वाचतो. म्हणजे मूल हे बाईचंच, असं कायद्यानेच मोजून ठेवलं होतं. 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा जास्त कर्मचारी, पुरुष धरून, असा निकष आला. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जायची मुभाही मिळाली. महापे, ऐरोलीच्या आयटी इमारतींत काम करणाऱ्यांनी आपल्या एचआरला हे विचारायला हरकत नाही. बाबांनीही विचारावं, कारण पन्नासात तेही मोजले गेलेत.

पण पाच घरांत भांडी-फरशी करणाऱ्या बाईचं काय? तिला मालक पाच. पन्नासाचा आकडा कुठेच भरत नाही. तुर्भे स्टोअर, इलठणपाडा, लोकमान्यनगर, कुठल्याही वस्तीत बघा, याचं उत्तर घरातली थोरली मुलगी देते. नऊ-दहा वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी, आणि तिकडे शाळेच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरी. धाकट्याचं कुपोषण मोजलं जातं. थोरलीची बुडालेली शाळा अंगणवाडीच्या कुठल्याच रकान्यात येत नाही.

या फटीसाठी 2022 पासून मिशन शक्ती या केंद्राच्या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली पाळणा योजना आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं: सहा महिने ते सहा वर्षांची पंचवीसपर्यंत मुलं, दिवसाला साडेसात तास, महिन्याला 26 दिवस, आणि त्यासाठी वेगळी कार्यकर्ती आणि मदतनीस. कल्पना रास्त आहे, कारण वजनकाटा आणि झोळी एकाच छपराखाली येतात. अडचण जागेची. जिथे दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत अंगणवाडी कशीबशी बसते, तिथे पंचवीस पोरं दुपारची निजवणार कुठे?

तेव्हा ताईंनी विचारलंच, तर उत्तर दोन भागांत द्यावं लागेल. बाळाचं नाव जवळच्या अंगणवाडीत आजच नोंदवा, शिध्यासाठी आणि वजनासाठी. तिथे पाळणा सुरू आहे का, तेही विचारा. नसेल, तर वस्तीत मुलं सांभाळणारी भरवशाची बाई शोधायची आणि तिची फी ताई जिथे कामाला जातात त्या पाच घरांनी वाटून घ्यायची. पगाराव्यतिरिक्त, दर महिन्याला, दिवाळीच्या बोनसमधून न कापता.