झोका दर वेळी निम्मा होतोच असं नाही

‘डॅम्पिंग आहे ना, मग झोका घातांकीच घटणार’ (म्हणजे गती मंदावणारा अवरोध असला की झोक्याची लांबी ठरावीक हेलकाव्यांत दर वेळी निम्मी होणार) हे बडोद्यातल्या फिजिक्सच्या शिकवण्यांत सर्रास घोकलं जातं. अवरोध वेगाच्या सम प्रमाणात असेल तरच ते खरं.

दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या घरातला पितळी कड्यांचा झोपाळा घ्या. ४० सेंमीचा झोका १० हेलकाव्यांत २० वर आला. पुढे? रेषीय (वेगाच्या सम प्रमाणातल्या) अवरोधात आणखी १० हेलकाव्यांत १०. निव्वळ कड्यांचं कोरडं घर्षण असेल तर दर हेलकाव्याला २ सेंमी घट, म्हणजे आणखी १० हेलकाव्यांत झोपाळा ठप्प. अवरोध हवेचा, वेगाच्या वर्गाइतका असेल, तर २० वरून १० ला २० हेलकावे, १० वरून ५ ला ४०; वेग उतरला की ब्रेकच ढिला पडतो. (खऱ्या झोपाळ्यात शेवटी कड्याच जिंकतात.)

टोकं पक्की असलेल्या तारेचं तरंग-समीकरणही (तिच्या कंपनांचं गणित) तसंच. सगळीकडे वेगाच्या घनाइतका अवरोध असेल तर ऊर्जा काळाच्या व्यस्त प्रमाणात घटण्याचीच हमी मिळते. अवरोधाचा गुणांक दुप्पट करून काळाचा घातांक बदलत नाही.

तपासायला झोक्याच्या लांबीचा लॉग (लॉगरिदम) आणि हेलकाव्यांची संख्या यांचा आलेख काढा: सरळ रेष आली तर रेषीय, खाली कोसळली तर कोरडं घर्षण, चपटी होत गेली तर हवा.