आठव्या-नवव्या महिन्यात सोनोग्राफीला येताना पहिला रिपोर्ट सोबत आणा

डोहाळजेवण झालं की लेक माहेरी येते. केज, धारूर, परळी, रेणापूरकडं दिलेल्या पुष्कळ लेकी बाळंतपणाला अंबाजोगाईत येतात आणि शेवटची सोनोग्राफी आमच्याकडं होते. लेक येते, साड्यांची बॅग येते, फाईल मात्र सासरी कपाटात राहते. मग रिपोर्ट हातात पडला की पहिला प्रश्न: "डॉक्टर, तारीख कशी काय बदलली?"

बाळंतपणाची तारीख बदललेली नसते. दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून: २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे. पण पाळीची तारीख पक्की सांगणाऱ्या थोड्याच, "नागपंचमीच्या आगंमागं" एवढंच कळतं. म्हणून पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी मोलाची. त्या काळात सगळी बाळं जवळपास एकाच मापानं वाढतात, त्यामुळं तारखेत फार तर पाच-सात दिवसांचा फरक पडतो. पुढं आईबापाचा बांधा, आईचं बीपी, शुगर, खाणंपिणं यांचा परिणाम दिसू लागतो. नवव्या महिन्यातल्या मापावरून काढलेली तारीख तीन आठवडेसुद्धा चुकू शकते.

मशीनला तुमचे दिवस कळत नाहीत. ते बाळाचं डोकं, पोट आणि मांडीचं हाड मोजतं आणि एवढं बाळ साधारण किती आठवड्यांचं असतं ते सांगतं. समजा, तुमचे ३६ आठवडे झालेत, पण बाळ ३३ आठवड्यांच्या मापाचं आहे. जुना रिपोर्ट समोर असला तर वाढ मागं पडलीय हे लगेच लक्षात येतं. मग आम्ही डॉपलरवर नाळेतला रक्तप्रवाह बघतो, गर्भजल मोजतो आणि तुमच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावतो. रिपोर्ट नसला तर तेच बाळ ३३ आठवड्यांचं आणि ठणठणीत दिसतं, आणि घरचे "अजून दीड महिना आहे" म्हणून निर्धास्त राहतात. उलटंही होतं. आईला शुगर असली, बाळ अंगानं मोठं असलं, तर दिवस भरल्यासारखे वाटतात आणि सिझरची घाई होते.

यासाठी आमच्या रिपोर्टवर दोन आकडे असतात, पहिल्या सोनोग्राफीप्रमाणे आठवडे आणि आजच्या मापाप्रमाणे आठवडे. धरायची तारीख पहिलीच. दर वेळी नवी तारीख छापून दिली तर लोकांना बरं वाटतं, हे आम्हाला माहीत आहे. तरी आम्ही ती देत नाही.

फाईल जवळ नसेल तर सासरहून रिपोर्टचा फोटो मागवा, पण घरून निघायच्या आधी. इथं आल्यावर फोनाफोनी सुरू होते, दीर शेतात असतात, कपाटाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि मागचे सगळे नंबर खोळंबतात. फोटो लिहिलेल्या पानाचा हवा, नाव आणि तारीख वाचता येईल असा. बाळाचं काळं-पांढरं चित्र पाठवलं तर त्यावरून आम्हाला फारसं काही कळत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंनी तर पहिला रिपोर्ट माता-बाल कार्डालाच टाचून ठेवावा. सुटे कागद कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत, राहतात आणि कारखाना बंद झाला की कोपीसोबत जातात.

बाकीचं थोडक्यात. या महिन्यांत तांब्यावर तांब्या पाणी पिऊन लघवी तुंबवून बसायची गरज नाही, उपाशीही येऊ नका. टेबलावर उताणं पडून गरगरलं तर लगेच सांगा, कुशीवर वळवून तपासता येतं. बाळाचं वजन हा अंदाज असतो, दहा-पंधरा टक्के इकडंतिकडं होतंच. गळ्याभोवती नाळ पुष्कळ बाळांच्या दिसते, नुसत्या तेवढ्यावरून सिझर ठरत नाही. सातव्या महिन्यात बाळ पायाळू दिसलं तरी बहुतेक बाळं पुढं आपणहून फिरतात. पाचव्या महिन्यात 'वार खाली' (म्हणजे वार, प्लॅसेंटा, गर्भपिशवीच्या तोंडाजवळ) असं लिहून आलं असेल तर मात्र ३२ आठवड्यांनंतरची तपासणी चुकवू नका. बहुतेकींची वार तोवर वर सरकते, पण जिची सरकत नाही तिचं बाळंतपण कुठं करायचं हे आधीच ठरवावं लागतं.

मुलगा की मुलगी, हे आम्ही सांगत नाही. खुणेनं नाही, ओळखीनं नाही, "तिसरी खेप आहे हो" म्हटलं तरी नाही. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा १९९४ चा कायदा आहेच. शिवाय २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, हे आम्ही विसरलेलो नाही. दर वेळी 'एफ' फॉर्म, ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी मागतो ती याच कायद्यापायी. काउंटरवरच्या मुलीशी त्यावरून वाद घालू नका.

आणखी एक. बाळाची हालचाल कमी वाटली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढं अंधारी आली, चेहरा-हात एकाएकी सुजले, तर आमच्याकडं नंबर लावू नका. थेट दवाखान्यात जा. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करा. स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं सरकारी रुग्णालय गावातच आहे. हालचालीची शंका असेल तर जेवून डाव्या कुशीवर पडा आणि मोजा. दोन तासांत दहा वेळाही जाणवली नाही तर सकाळची वाट बघू नका.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी होते. तिथली चिठ्ठी आम्हाला चालते. बाजाराचा दिवस सोडून सकाळी आलात तर गर्दी कमी असते. जुने रिपोर्ट आणले तर ते आजच्या मापाशी ताडून बघायचे वेगळे पैसे घेत नाही. पहिली सोनोग्राफी आमच्याकडंच झाली असेल तर फाईल हरवली तरी हरकत नाही, नाव आणि महिना सांगा, रिपोर्ट परत काढून देतो.