पोत्यावरचे '३३ टक्के': टीसीएल पावडरीची पार्श्वभूमी

पावसाळा तोंडावर आला की ग्रामपंचायतीच्या खरेदीत एक ओळ ठरलेली असते: टीसीएल पावडर, २५ किलोची पोती, ३३ टक्के. पाण्यातले जंतू क्लोरीनने मरतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. गोंधळ आहे तो त्या '३३ टक्के'चा. हे टक्के नेमके कशाचे आणि पोत्यातून टाकीत पडेपर्यंत त्यातले किती उरतात, हे न समजल्यामुळे पावडर टाकूनही गावात जुलाबाची साथ येते आणि मग दोष पावडरीला दिला जातो.

आधी नावाचे. शाळेच्या पुस्तकात विरंजक चूर्ण, दुकानात ब्लिचिंग पावडर आणि सरकारी कागदावर टीसीएल, म्हणजे ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. टीसीएल हे कुठल्या कंपनीचे नाव नाही. साधी विरंजक पावडर म्हणजे विरलेल्या चुन्यात क्लोरीन वायू मुरवलेला. उष्ण, दमट हवेत ती फार लवकर मरते, म्हणून तिच्यात जास्तीचा कळीचा चुना मिसळायची पद्धत पडली. कळीचा चुना ओलावा स्वतः ओढून घेतो आणि पावडर टिकते. ताकद थोडी उतरवून टिकाऊपणा घ्यायचा, असा तो व्यवहार. नावातला 'ट्रॉपिकल' तिथून आला.

या पावडरीचा जन्म पाण्यासाठी झालाच नाही. स्वीडनमध्ये १७७४ साली क्लोरीन वायू हाती लागला, १७८५च्या सुमारास फ्रान्समध्ये त्याने कापड पांढरे होते हे दिसले आणि १७९९ मध्ये ग्लासगोच्या एका कारखानदाराने तो चुन्यात कोंडून कोरडी पावडर केली. तोवर कोरे कापड महिनोन्‌महिने उन्हात पसरून, आंबट ताकात बुडवून पांढरे करत. ते काम काही दिवसांवर आले. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉक्टरांना याच पावडरीच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. पिण्याच्या पाण्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागला. इंग्लंडमध्ये मेडस्टोनला १८९७ साली विषमज्वराच्या साथीत नळांच्या वाहिन्या या पावडरीने धुतल्या, १९०५ मध्ये लिंकनला पाण्यात सतत हायपोक्लोराइट (क्लोरीनचेच जंतुनाशक संयुग) सोडायला सुरुवात झाली आणि १९०८ पासून अमेरिकेत जर्सी सिटीच्या अख्ख्या शहराचे पाणी ही पावडर टाकून दिले जाऊ लागले. तिथे प्रकरण कोर्टात गेले. पाण्यात 'रसायन' घालणे शहराला मान्य नव्हते. निकाल पावडरीच्या बाजूने लागला.

आपल्याकडे त्या काळात विहिरीत पोटॅशियम परमँगनेट टाकत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पटकीच्या साथींत उत्तर हिंदुस्थानात हा उपाय रुळला. पाणी गुलाबी दिसे, लोकांना उपाय झाल्याचे समाधान मिळे, पण पाणी निर्धोक झाल्याची खात्री त्या रंगाने होत नसे. पंढरपूरच्या यात्रा आणि पटकी यांचे नाते तर सरकारी कागदपत्रांत पानोपान आहे. आज पालखीमार्गावरच्या विहिरी आणि टँकर यांत टीसीएल टाकून क्लोरीन तपासतात, त्यामागे तो सगळा इतिहास उभा आहे.

'उपलब्ध क्लोरीन' म्हणजे काय

पोत्यावरचे पूर्ण शब्द असतात 'उपलब्ध क्लोरीन ३३ टक्के'. बहुतेकजण याचा अर्थ १०० ग्रॅम पावडरीत ३३ ग्रॅम क्लोरीन असा घेतात. तो चुकीचा आहे.

हा शब्द कापड गिरण्यांच्या गरजेतून आला. विकत घेतलेली पावडर किती कापड पांढरे करील, हे गिरणीवाल्याला कळायला हवे होते. १८२४ मध्ये एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्यासाठी निळीचे द्रावण वापरले. ठरावीक पावडर किती निळीचा रंग उडवते ते मोजायचे आणि तेवढाच रंग उडवायला किती क्लोरीन वायू लागला असता, तो आकडा पावडरीच्या नावावर मांडायचा. थोडक्यात, हे क्लोरीनचे वजन नाही. ते कामाचे माप आहे, क्लोरीन वायूच्या भाषेत सांगितलेले.

शुद्ध कॅल्शियम हायपोक्लोराइट, म्हणजे पावडरीतला खरे काम करणारा घटक, घेतला की हे लख्ख दिसते. त्यात वजनाने क्लोरीन आहे साधारण ५० टक्के, पण त्याचा 'उपलब्ध क्लोरीन' भरतो ९९ टक्के. हायपोक्लोराइटमधला प्रत्येक क्लोरीन अणू क्लोरीन वायूतल्या अणूच्या दुप्पट काम करतो, म्हणून आकडाही दुप्पट.

टीसीएलमध्ये उलटी गोष्ट घडते, आणि नुकसान होते ते तिथेच. पोते उघडे राहिले, उन्हात राहिले, पत्र्याच्या शेडमध्ये तापले की हायपोक्लोराइट विघटित होते. थोडा क्लोरीन वासावाटे उडतो, पण बराचसा जागेवरच राहतो, फक्त क्लोराइड आणि क्लोरेट होऊन. वजन जवळपास तेच, त्यात क्लोरीन हे मूलद्रव्यही बऱ्यापैकी तेवढेच, पण जंतू मारायची ताकद गेलेली. शिवाय तयार झालेले कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढते, पावडरीचे गोळे होतात आणि विघटन आणखी वेग घेते. नाकाला झोंबणाऱ्या वासावर भरवसा ठेवू नये. अर्धी मेलेली पावडरही झोंबते.

तेव्हा पोत्यावर छापलेला आकडा भरतीच्या दिवसाचा असतो. राज्यातल्या तपासणीत २० टक्क्यांखालची पावडर निकृष्ट धरतात. या फरकाचा हिशेब मांडून पाहू. ५०,००० लिटरच्या उंच टाकीत लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा, म्हणजे एकूण १०० ग्रॅम. पावडर खरोखर ३३ टक्क्यांची असेल तर सुमारे ३०० ग्रॅम पुरते. २० टक्क्यांना ५०० ग्रॅम लागते, १२ टक्क्यांना ८३३. पाणी सोडणारा माणूस सवयीने ३०० ग्रॅमचे मापटे टाकतो. पावडर १२ टक्क्यांवर आली असेल, तर लिटरला जेमतेम ०.७ मिलिग्रॅम जाते. पावसाळी पाण्यातली घाण तेवढे टाकीतच खाऊन टाकते आणि शेवटच्या नळाला काहीच पोचत नाही. वहीत मात्र 'शुद्धीकरण केले' अशी नोंद असते, आणि ती खोटीही नसते.

प्रयोगशाळेत निळीची जागा पुढे आयोडीनने घेतली. १० ग्रॅम पावडर पाण्यात खलून एक लिटर करतात, त्यातले २५ मिलि घेऊन पोटॅशियम आयोडाइड आणि अॅसेटिक आम्ल घालतात. आयोडीन सुटून द्रावण तपकिरी होते. मग ०.१ नॉर्मल हायपो (सोडियम थायोसल्फेटचे द्रावण) थेंबथेंब सोडायचे, रंग फिकट पिवळा झाला की स्टार्च घालायचा आणि निळा रंग जाईपर्यंत पुढे जायचे. ३३ टक्क्यांच्या पावडरीला साधारण २३.३ मिलि हायपो लागते, २० टक्क्यांच्या पावडरीला १४.१. दोन चुका नेहमीच्या आहेत. द्रावण न हलवता वरचे स्वच्छ पाणी घेणे ही पहिली. दुधाळ द्रावणच घ्यायला हवे. दुसरी चूक नमुन्याची. नमुना पोत्याच्या तोंडापाशी घेतला तर सर्वांत मेलेली पावडर येते, मधोमध घेतला तर सर्वांत ताजी. तीन-चार ठिकाणची पावडर एकत्र करूनच नमुना पाठवावा.

साठवणीचा नियम एवढाच: कोरडी, अंधारी, थंड जागा, फळीवर ठेवलेले पोते आणि उघडल्यावर घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे पिंप. लोखंडी डबा नको, तो गंजतो आणि गंज विघटनाला मदतच करतो. खरेदी दोन-तीन महिन्यांपुरती ठेवावी. वर्षाचा साठा एकदम घेतल्याने बिलात वाचलेले पैसे पावडरीच्या ताकदीत जातात. आणि ही पावडर संडास धुण्याच्या अॅसिडशेजारी कधीही ठेवू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो.

निवळी, मडके आणि पिवळा रंग

पावडर कोरडी टाकीत भिरकावणे ही जुनी खोड आहे. एका बादलीला १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करायची, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळायचे आणि दहा मिनिटे ठेवायचे. चुना तळाशी बसतो. वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची. पानाच्या चुन्याची निवळी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. गाळ टाकीत गेला तर क्लोरीन काही वाढत नाही, पाण्याचा जडपणा आणि पीएच मात्र वाढतो. पीएच ८.५ झाला की हायपोक्लोरस आम्ल, म्हणजे खरे जंतू मारणारे रूप, जेमतेम दहा टक्के उरते.

विहिरीला आधी पाणी मोजावे लागते. व्यास ३ मीटर आणि पाण्याची खोली ४ मीटर असेल तर ३.१४ × ३ × ३ × ४ भागिले ४, म्हणजे २८.२६ घनमीटर, सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅमच्या हिशेबाने ३३ टक्क्यांची ७० ग्रॅम पावडर लागते, ती टाकल्यावर तासभर पाणी उपसायचे नाही. साथीत हे प्रमाण दुप्पट करतात. लहान विहिरींसाठी दुहेरी मडक्याची युक्ती निघाली. आतल्या मडक्यात एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर मिसळून भरतात, त्याला बोटभर भोक, ते मडके तसेच भोक असलेल्या मोठ्या मडक्यात, आणि दोन्ही दोरीने पाण्याखाली किमान एक मीटर. सुमारे साडेचार हजार लिटर पाणी असलेल्या, एक-दोन घरे भरतात अशा विहिरीला दोन-तीन आठवडे पुरते. उपसा जास्त असलेल्या गावविहिरीला ही युक्ती पुरत नाही.

पाणी गढूळ असेल तर तुरटी आधी, क्लोरीन नंतर. मातीत दडलेल्या जंतूपर्यंत क्लोरीन पोचत नाही आणि माती स्वतःही तो खाते.

ओटी टेस्टची गंमत वेगळीच. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकले की क्लोरीनयुक्त पाणी पिवळे होते. ही चाचणी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळली आणि आपल्याकडे ती जलसुरक्षकाच्या हातात अजून आहे. पण पाण्यात सांडपाणी मिसळले असेल तर क्लोरीन अमोनियाला चिकटतो आणि क्लोरामाइन होतात. तेही पिवळा रंग देतात, फक्त सावकाश. म्हणून मोकळा क्लोरीन पहिल्या दहा सेकंदांत वाचायचा. पाच मिनिटांनी पिवळे झालेले पाणी पाहून 'क्लोरीन आहे' म्हणणे म्हणजे सांडपाण्याच्या खुणेलाच शुद्धतेची खूण मानणे. कर्करोगाच्या संशयामुळे परदेशांत ऑर्थोटोलिडिन १९७०च्या दशकात मागे पडले आणि गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी आली. आपणही तिकडे वळायला हवे, त्याला आधीच उशीर झाला आहे.

१९७४ मध्ये नेदरलँड्समध्ये आढळले की क्लोरीन आणि पाण्यातला कुजलेला पालापाचोळा यांच्यापासून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार होतात. तेव्हापासून 'क्लोरीनने कर्करोग होतो' हे वाक्य फिरते आहे. ती संयुगे खरी आहेत, त्यांना मर्यादाही आहेत. पण त्यांचा धोका वर्षानुवर्षांचा आणि लहान, तर क्लोरीन नसलेल्या विहिरीचा धोका याच आठवड्याचा. दोन्ही एका पारड्यात घालू नयेत.

राज्यात ग्रामपंचायतींना पाणीस्रोतांच्या पाहणीवरून लाल, पिवळे, हिरवे कार्ड देण्याची पद्धत आली, पाहणी पावसाळ्याआधी आणि नंतर. त्याने विहिरीचा कठडा, गळती, उकिरडा यांकडे लक्ष गेले हे नक्की. पण कार्ड सहा महिन्यांचे आणि पावडरीची ताकद आठवड्याआठवड्याला बदलणारी. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे सिंड्रोमचे (हातपाय लुळे पाडणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, संशय पाण्यावर गेला आणि विहिरी, खासगी टँकर, फिल्टर प्लांट यांच्या पाण्यात क्लोरीन आहे का हा प्रश्न शहरातही ऐरणीवर आला.

पावडरीची टक्केवारी माहीत नसताना मात्रा ठरवायची एक जुनी पद्धत मात्र आपल्याकडे जवळपास विसरली गेली. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेच्या सामानात एक काळा पेला, सहा पांढरे पेले आणि पावडर मोजायचे चमचे असत. पावडर तीच, पाणी तेच, आणि पावडर किती टक्के आहे हे विचारायचेच नाही. ती आज बादल्यांवर करता येते. हाताशी असलेल्या पावडरीतली ३० ग्रॅम एक लिटर पाण्यात कालवा. २० लिटरच्या सहा प्लास्टिक बादल्यांत पुरवठ्याचेच पाणी घ्या. द्रावण प्रत्येक वेळी हलवून पहिलीत १ मिलि, दुसरीत २, असे सहावीत ६ मिलि सुईच्या पिचकारीने सोडा, ढवळा, झाका, अर्धा तास थांबा. मग चाचणी करा. ज्या बादलीत लिटरला ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन पहिल्यांदा दिसतो, तिचा क्रमांक धरा. प्रत्येक मिलिलिटरमागे हजार लिटरला दीड ग्रॅम पावडर, म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीला ७५ ग्रॅम. चौथी बादली निघाली तर ३०० ग्रॅम. सहावीतही रंग आला नाही, तर नवे पोते फोडून चाचणी पुन्हा करा. तरीही रंग नाही आला, तर सांडपाणी कुठून शिरते ते शोधायला वाहिनीच्या वाटेने चालत निघा.