नाशिकरोडला छापला जाणारा पासपोर्ट आणि त्यामागचा इतिहास

उन्हाळी सुट्टीचे बेत ठरू लागले की नाशिकच्या टूरवाल्यांकडे दरवर्षी तेच प्रश्न येतात. पासपोर्ट संपायला चार महिने उरलेत, चालेल का? नेपाळला आधार कार्डावर सोडतात का? दुबईला आडनाव लागतंच का? या अटी कुणाच्या लहरीतून आलेल्या नाहीत. प्रत्येकीमागे काहीतरी घडून गेलंय, आणि ज्या गावात देशभराचे पासपोर्ट छापले जातात तिथल्या लोकांना तरी ते ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं.

त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये सिनेमाचं सामान आणायला लंडनला गेले. त्या काळी हिंदुस्थानातून विलायतेला जायला पासपोर्टची सक्ती नव्हती. आगबोटीचं तिकीट आणि खर्चाला पैसे असले की झालं. १९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा गेले आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. हेरांच्या आणि शत्रूदेशाच्या नागरिकांच्या धास्तीने सरकारं सीमेवर कागद मागू लागली. युद्ध संपलं, सक्ती मात्र राहिली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) पॅरिस परिषदेत ३२ पानी पुस्तिकेचा नमुना ठरला. त्याच वर्षी हिंदुस्थानात येणाऱ्यांसाठी पासपोर्टचा कायदा झाला. तो चक्क २०२५ पर्यंत टिकला.

नाशिकरोडचा प्रेस, म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५ मधला. तोवर लंडनहून छापून येणारी पोस्टाची तिकिटं इथेच छापावीत म्हणून तो उभा राहिला. आज आपला पासपोर्ट इथे छापला जातो, आणि परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टात भारत सरकार चिकटवतं ते व्हिसाचे स्टिकरही.

फाळणीनंतर पाकिस्तानातून येण्यासाठी १९४८ मध्ये परमिट आलं आणि १९५२ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांसाठी पासपोर्ट-व्हिसा सुरू केला. नेपाळचं उलट झालं. १९५० च्या मैत्री करारामुळे तिथे आपल्याला व्हिसा लागतच नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं. आधार मात्र १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांनाच चालतं. पशुपतिनाथाला निघालेल्या घोळक्यात नेमकं हेच एखाद्याला माहीत नसतं.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते १९६७ हे वर्ष. तोपर्यंत पासपोर्ट देणं-न देणं हे सरकारच्या मर्जीवर होतं, त्यासाठी कायदाच नव्हता. सतवंत सिंग सहानी या मोटारींच्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं गेलं आणि ते थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. पासपोर्ट ही सरकारची मालमत्ता आहे, असं सरकारचं म्हणणं. न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की परदेशी जाणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, कायद्यावाचून ते अडवता येणार नाही. सरकारने मे महिन्यात घाईने वटहुकूम काढला आणि जूनमध्ये पासपोर्ट कायदा झाला. आज अर्ज फेटाळला तर कारण नोंदवावं लागतं आणि आपल्याला अपील करता येतं, ते यामुळे. १९७८ मध्ये पासपोर्ट जप्तीवरच्या मनेका गांधी खटल्यात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की नुसता कायदा असून भागत नाही, त्यातली पद्धत न्याय्यही हवी.

व्हिसाचं तसं नाही. तो समोरच्या देशाचा अधिकार, आणि तिथे आपलं कोर्ट काही करू शकत नाही. ब्रिटनला जायला आधी व्हिसा काढण्याची अट भारतीयांना १९८६ मध्ये लागली. पासपोर्टला सहा महिने मुदत हवी, असं अनेक देश सांगतात, त्याचं कारणही साधं आहे. पाहुण्याचा मुक्काम लांबला तरी त्याला माघारी धाडता यावं, म्हणजे त्याचा पासपोर्ट तोवर जिवंत असावा. युरोपातले शेंगेन देश, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा देशांचा गट, परतीच्या तारखेपुढे तीन महिने मागतात, शिवाय पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा.

फोटोच्या पानावर तळाशी दोन लांबलचक ओळी असतात, त्या एकदा नीट पाहा. प्रत्येकीत ४४ खुणा. पहिलीची सुरुवात पासपोर्टच्या ‘पी’ने, मग देशाचं तीन अक्षरी नाव, मग आधी आडनाव आणि त्यानंतर बाकीचं नाव. दुसरीत जन्मतारखेनंतर एक जादा आकडा असतो, तो मशीनला वाचनातली चूक पकडायला. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९८० मध्ये हा नमुना आणला आणि नोव्हेंबर २०१५ नंतर हाताने लिहिलेले पासपोर्ट बाद ठरवले. आता चिपवाला ई-पासपोर्टही नाशिकरोडलाच तयार होतो. पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये मिळाला तो आपल्या शेजारच्या जळगावच्या, तेव्हा राष्ट्रपती असलेल्या प्रतिभाताई पाटील यांना.

आडनावाचा घोळ या ओळींतच दिसतो. कुणी अर्ज भरताना नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं ‘गिव्हन नेम’मध्ये घालतो आणि ‘सरनेम’चा रकाना रिकामा ठेवतो. पासपोर्टच्या लेखी मग त्या माणसाला आडनावच नाही. एकेरी, म्हणजे सगळं मिळून एकच शब्द असलेल्या, नावाच्या पासपोर्टवर पर्यटक व्हिसा द्यायचा नाही, असं संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं. त्यामुळे दुबईचा बेत असेल तर आधी तो रकाना बघा, आणि रिकामा असला तर तिकीट काढण्यापूर्वीच नव्याने पासपोर्ट काढून आडनाव घालून घ्या.