डोपामाइन: नाव ठेवलं, मग नावं ठेवली

'रील बघून डोपामाइन मिळतं' हे हल्ली शाळकरी पोरंही सांगतात. आयसीयूच्या दाराशी तोच शब्द वेगळ्या सुरात ऐकू येतो: 'बीपी लागत नाहीये, डोपामाइन लावलंय.' तिथे ते पाच मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये असतं, २०० मिलिग्रॅम. सलाइनमध्ये मिसळून पंपावर लावतात आणि किलोमागे मिनिटाला काही मायक्रोग्रॅम असं मोजून सोडतात. रेणू दोन्हीकडे एकच. पण शिरेतून दिलेलं डोपामाइन हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर काम करतं, मेंदूत शिरत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा त्याला अडवतो.

लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत बार्जर आणि इवेन्स यांनी ते १९१० मध्ये तयार केलं. रक्तदाब चढवण्यात ॲड्रेनॅलिनपुढे ते अगदीच फिकं. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं ॲड्रेनॅलिन बनताना शरीरात येणारी मधली पायरी, एवढीच त्याची ओळख राहिली.

नशीब पालटलं ते आपल्याकडच्या एका मुळीमुळे. सर्पगंधा बिहारकडे 'पागल की दवा' म्हणूनच ओळखली जाई. मुंबईच्या केईएममधले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर ती वापरून पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निष्कर्ष छापले. मग जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं.

हे रिसर्पिन स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना टोचलं. ससे कान पाडून, हलायचं विसरल्यासारखे बसून राहिले. मग त्यांना डोपा दिलं. डोपा हा डोपामाइनचा कच्चा माल, आणि त्याला तो पडदा ओलांडता येतो. थोड्याच वेळात कान उभे, ससे पुन्हा हिंडायला लागले! हे १९५७ चं. रिसर्पिनने मेंदूतलं नॉरॲड्रेनॅलिन, म्हणजे ॲड्रेनॅलिनचंच भावंड, आटवलं होतं. पण मेंदू तपासला तर ते भरून आलंच नव्हतं. वाढलं होतं ते डोपामाइन. म्हणजे ही नुसती पायरी नव्हती, स्वतःचं काम असलेला निरोप्या होता.

तरी १९६० मध्ये लंडनच्या परिषदेत हे कुणाला फारसं पटलं नाही. शंका घेणाऱ्यांत आघाडीवर होते नामवंत औषधशास्त्रज्ञ सर हेन्री डेल. 'डोपामाइन' हे सुटसुटीत नाव १९५२ मध्ये त्यांनीच सुचवलं होतं. नाव ठेवणारेच नावं ठेवायला लागले, म्हणायचं. १९६० मध्येच व्हिएन्नात संशोधक होर्निकिएविच यांना पार्किन्सनने, म्हणजे कंपवाताने, गेलेल्या रुग्णांच्या मेंदूतल्या एका भागात डोपामाइन फारच कमी आढळलं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या रुग्णांना डोपा टोचून पाहिलं गेलं. गोळीच्या रूपात, हळूहळू मात्रा वाढवत नेऊन त्याचा पक्का गुण दाखवला तो डॉ. कोत्झियास यांनी, १९६७ मध्ये. कार्लसन यांना नोबेल मिळायला २००० साल उजाडलं. आपल्या खाजकुयलीच्या बियांतही हेच डोपा असतं, हे जाता जाता.

पंपावरच्या डोपामाइनची कथा याला समांतर, पण उलट्या दिशेची. रक्तदाब सावरणारं औषध म्हणून ते रुळलं. थोड्या मात्रेत दिलं तर मूत्रपिंडं वाचतात, असा भरवसाही वाढला. २००० मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत तो भरवसा खोटा ठरला. २०१० मध्ये १,६७९ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत नॉरॲड्रेनॅलिनच्या तुलनेत डोपामाइनवर हृदयाचे ठोके जास्त जणांचे बिघडले. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळतो तेव्हा, आता पहिला मान नॉरॲड्रेनॅलिनचा.